आक्काच्या डब्यातल्या कापण्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढं हात जोडून उभा राहतो तेव्हाही ही एक गोष्ट मी तोंडातल्या तोंडात गिळतो — जणू त्याला ती ठाऊकच नसावी. आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जाईल, असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. पहिल्या चार ओळींतच हात थांबायला लागलाय.

गोष्ट एका कुत्र्याची आहे म्हटलं तर तुम्हाला हसू येईल. कुत्रं मेलं, त्याला किती वर्षं झाली, आणि हा माणूस अजून तेच धरून बसलाय? पण ती कुत्र्यापाशी संपली असती तर मी आज लिहायला बसलो नसतो. कुत्र्याच्या पुढं काय झालं, तेच सांगायचं आहे. आणि तिथं लगेच जाता येत नाही मला. थोडं आडवाटेनं येऊ द्या.

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही निपाणीत राहत होतो. तंबाखूच्या वखारींच्या मागची गल्ली. मी एका वखारीत वजनकाट्यावर होतो. आई-वडील लवकर गेले. थोरली बहीण शांता, माझी आक्का, तिला सदलग्याला दिलं होतं. पण तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला आणि ती माघारी आली. मला तिनंच वाढवलं. दुसऱ्या एका वखारीत ती तंबाखू चाळायला जायची. निपाणीत नवा पाहुणा बसमधून उतरला की नाकाला रुमाल लावायचा. आम्हाला काहीच यायचं नाही. कपड्यांना, अंथरुणाला, भाताच्या वाफेलासुद्धा तो वास असायचा. त्यामुळं आमच्यासाठी तो वास नव्हताच.

भिंतीला भिंत लागून सोनाकाकूंचं घर. त्यांच्या घरी बुद्धाची तसबीर, आमच्या घरी खंडोबाचा टाक. आमच्या गल्लीत तेवढ्यावरून पुष्कळ काही ठरायचं — कोण कुणाकडचं पाणी पितं, कोण कुणाच्या उंबऱ्याच्या आत येतं. पण आक्का आणि सोनाकाकू एकाच वखारीत, एकाच ढिगासमोर बसायच्या. दोघींच्या नाकातोंडात एकच धूळ जायची. संध्याकाळी सोनाकाकूंच्या ओट्यावर दोघींचा चहा व्हायचा. लोक बघायचे. आक्का लोकांकडं बघायची नाही.

त्या ओट्याखाली हरण्या असायचा. सोनाकाकूंचा कुत्रा. हरणाच्या रंगाचा, एक कान मोडलेला, स्वभावानं भित्रा. फटाका वाजला की आमच्या चुलीपाशी येऊन बसायचा. सोनाकाकूंचा मुलगा भीमराव शाळेत मास्तर झाला, त्याचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, तरी सोनाकाकू म्हणायच्या, “माजं थोरलं लेकरू ह्येच.”

आता कापण्यांचं सांगतो.

आषाढात आमच्याकडं कापण्या करतात, गूळ घालून, तेलात तळून. माणसांसाठी आक्का त्या आषाढातच करायची. पण गल्लीतल्या कुत्र्यामांजरांसाठी तिच्या वेगळ्या कापण्या असायच्या, त्या बारा महिने. जोंधळ्याचं पीठ, मूठभर नाचणी, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, घरात असलंच तर एक अंडं. परातीत थापायचं, सुरीनं शंकरपाळ्यासारखं कापायचं, तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचं, मग धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर उन्हात वाळवायचं. मांजरांच्या कापण्यांत सुकट. तीही दोनतीन पाण्यांत धुऊन, खारटपणा घालवून. मीठ नाही, गूळ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. कुणी हाडं, लोणच्याचा खार, शिळी आमटी कुत्र्यापुढं ओतली की ती भांडायला जायची.

मी तिची चेष्टा करायचो. एकदा तुकडा तोंडात टाकून म्हटलं, “आक्का, जरा मीठ घाल की गं. चव न्हाय कसली.”

“तू खाणार हाईस व्हय? तुझी जीभ मीठ मागती म्हणून हरण्याची बी मागती व्हय रं?”

सोनाकाकू ओट्यावरून म्हणाल्या, “शांते, त्याला बी ह्याच घालत जा. भुकायचा तरी कमी हुईल.”

दोघी किती हसल्या होत्या.

आणि तिचे हात. वखारीतून आल्यावर ती या पिठाला हात लावायची नाही. सुट्टीच्या दिवशी, आंघोळ करून, राखेनं कोपरापर्यंत हात घासून मग परात घ्यायची. तिला मिश्रीची सवय होती. भाजलेली तंबाखू दातांना लावायची, आमच्याकडच्या बऱ्याच बायका लावायच्या. पण कापण्या डब्यात भरून होईपर्यंत त्या दिवशी मिश्रीची डबी उघडायची नाही. तंबाखू जनावराला किती वाईट, हे निपाणीत सांगावं लागत नाही. बैलाच्या अंगावरच्या गोचिडांना तंबाखूचं पाणी लावतात आणि तो ते चाटेल म्हणून तोंड बांधून ठेवतात. मीही हे लहानपणापासून बघत आलो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढं म्हणायचा मोह होईल.

एका थंडीत आक्काला सदलग्याला जावं लागलं, नणंदेच्या मुलीच्या बाळंतपणाला. जाण्याआधी तिनं पत्र्याचा डबा काठोकाठ भरला. मला पुढं बसवून सांगितलं, “सकाळच्याला एकएक, सांजच्याला एकएक. हातावर घालायची. फेकायची न्हाय, ती भांडत्यात. एवढं एक कर माझं.”

एवढं एक. तिनं माझ्यासाठी काय काय केलं ते इथं लिहीत बसत नाही. तिनं मात्र माझ्याकडं उभ्या आयुष्यात मागितलेली गोष्ट ही एवढीच.

दोनचार दिवस मी केलं. मग कंटाळलो. सकाळी वखारीची घाई, संध्याकाळी मित्र, चावडीपाशी गप्पा. मी दारातून मूठ-मूठ फेकायला लागलो. कुत्री भांडायची, दुबळ्यांना काही मिळायचं नाही. आठवड्याभरात डब्याचा तळ दिसला. नंतर मी काहीच घातलं नाही. हरण्या सकाळी दारात येऊन बसायचा, माझ्या हाताकडं बघायचा. मी त्याला ओलांडून जायचो.

मग एक दिवस सदलग्याहून आलेल्या ओळखीच्या माणसानं वखारीत निरोप दिला, आक्का परवा दुपारच्या गाडीनं येते.

आता बघा. मी तिला सांगू शकलो असतो — आक्का, संपल्या. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या, संध्याकाळी परात घेऊन बसली असती. याहून जास्त काय होणार होतं? पण मला तेवढंही नको होतं. तिनं डबा उघडावा, त्यात कापण्या उरलेल्या असाव्यात, आणि तिला वाटावं की माझा दत्त्या शहाणा झाला. इतकंच मला हवं होतं. इतक्यासाठी — पुढचं सगळं इतक्यासाठी.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा घेतली. पीठ मळलं. भोपळा नीट शिजला नव्हता, पाणी जास्त झालं, गोळा सैल झाला. कशाबशा थापून कापल्या. तव्यावर एकेक भाजायला वेळ लागतो म्हणून वरवर शेकल्या. आत ओल्याच राहिल्या. मग उन्हात वाळवायच्या ठरवल्या. आक्काचं ते वाळवणाचं धोतर ट्रंकेत होतं. ट्रंक माळ्यावर. माळ्यावर चढायचा मला आळस आला.

दारामागं वखारीतलं एक बारदान होतं, बसायला आणलेलं. तंबाखू भरून रिकामं झालेलं पोतं. ते मी एकदा झटकलं, परसात पसरलं आणि त्यावर ओल्या कापण्या मांडल्या.

उन्हं कलली तेव्हा उचलायला गेलो. प्रत्येकीला खालच्या अंगाला तपकिरी भुकटी चिकटली होती. मी ती बघितली. अंधार नव्हता, घाई नव्हती. मी ती बघितली. तळहातानं झाडली. काही गेली, काही ओल्या पिठात रुतून बसली होती, ती निघेना. टाकून द्याव्यात असं एकदा मनात आलं. पण पीठ संपलं होतं, पुन्हा सगळं करायचं? मी स्वतःला म्हटलं, भाजल्याचे डाग दिसतायत. जनावराला काय कळतंय? माझ्या नाकाला तर काही वास येत नव्हता. तरी मी सुकट कुटली आणि ती थोड्या तुपात कालवून सगळ्या कापण्यांना वरून चोळली.

का चोळली? वास नव्हता तर झाकायचं काय होतं? वर्षानुवर्षं मी स्वतःला हा प्रश्न विचारलेला नाही, कारण उत्तर माहीत आहे.

आक्काच्या हातचं खाणारी गल्लीतली एक मांजर तुपाच्या वासानं आली. एका कापणीला नाक लावलं, मागं सरली आणि निघून गेली. हेही मी बघितलं. डब्याचं झाकण लावलं.

आक्का आली. गाठोडं ठेवायच्या आधी तिनं डबा काढला. सुकटीचा वास तिला वेगळा वाटला नाही, मांजरांच्या कापण्याही त्याच डब्यात असायच्या. “आगं बया, एवढ्या उरल्या? पोटभर घातल्यास न्हवं रं?”

मी म्हटलं, “तू सांगितलंस तशाच घातल्या. लई पुरल्या.”

ती खूश झाली. मला म्हणाली, “शाना हाईस,” आणि ओंजळभर घेऊन बाहेर गेली. हरण्या अंगावर उड्या मारत होता, इतक्या दिवसांनी ती दिसली म्हणून. बाकीच्यांना तिनं एकएक दिली. हरण्याला जास्त दिल्या. हावऱ्यासारख्या त्यानं त्या न चावताच गिळल्या. सोनाकाकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “माजं लेकरू झुरलं बग तुज्यावाचून. दत्त्या काय हातावर घालत नव्हता वाटतं?” आक्का म्हणाली, “न्हाय गं, घालत हुता की. डबा बघितला न्हवं मी.”

मी आत पाणी पीत होतो. मी थांबवू शकत होतो. उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत किती अंतर असतं?

थोड्या वेळानं सोनाकाकूंची हाक आली. हरण्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. उभा राहायचा, पडायचा. बाकीची दोनतीन कुत्रीही ओकत होती. पण ती ओकून एका कडेला जाऊन पडली, नंतर सावरली. हरण्याचे पाय थरथरायला लागले. आक्कानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला ओरडली, “दत्त्या, पळ! गुरांच्या दवाखान्यात जा!”

मी सायकल काढली. डॉक्टर एका खेड्यात गेले होते. कंपाउंडर होता, भला माणूस. त्यानं मला एवढंच विचारलं, “काय खाल्लंय त्यानं?”

तुम्हीच सांगा, याहून सोपा प्रश्न असतो का? एक शब्द होता. त्या गावात पोराटोराच्या तोंडी असलेला शब्द.

मी म्हणालो, “काय न्हाय. काय म्हायती न्हाय. एकदम पडलं.”

तो म्हणाला, मग काहीतरी चावलं असेल, विंचू, नाहीतर पान, म्हणजे साप. आणि त्या अंदाजानं त्यानं एक पुडी बांधून दिली. खरं सांगितलं असतं तर हरण्या वाचला असता का? नंतर बेळगावात एका जनावरांच्या डॉक्टरला मी हे दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, लवकर कळलं असतं तर प्रयत्न करता आला असता. सांगता येत नाही. सांगता येत नाही — या तीन शब्दांवर मी खूप वर्षं काढली.

मी पुडी घेऊन आलो तेव्हा हरण्या गेला होता.

आक्काच्या लुगड्यावर, हातावर त्यानं ओकलेलं होतं. ती ते बोटांत चोळून बघत होती. बारीक तपकिरी कण. नाकापाशी नेलं. मग म्हणाली, “सोने, ह्यात तंबाखू हाय गं.” आणि हळूहळू आपल्याच हातांकडं बघायला लागली. दोन्ही हात पालथे केले, उलटे केले. “ह्या तळच्या कापण्यास्नी माझ्याच बोटाची लागली आसंल. सदलग्याला जायच्या गडबडीत केल्या मी. मिश्री हुती माझ्या तोंडात त्या दिशी. हुती वाटतं. व्हय, हुतीच.”

नव्हती. मी घरात होतो त्या दिवशी. डबीकडं तिनं बघितलंही नव्हतं. पण माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनात आलंच नाही. मग दुसरं कोण उरलं? तिनं स्वतःला घेतलं.

हरण्याला पोत्यात गुंडाळून भीमराव घेऊन गेला.

दोन दिवसांत गल्लीत बोललं जाऊ लागलं. कुणी सुरुवात केली कोण जाणे. आक्कानं आपल्या घरातलं खाणं घालून त्यांचं कुत्रं मारलं, म्हणे. ओट्यावर चहा प्यायला गोड, आणि पोटात हे. काहीजण हे रागानं बोलत होते, काहीजण हसून, आणि हसणारे आमचे होते, ते मला जास्त लागलं. एकानं तर पाठीवर थाप मारून म्हटलं, “आक्कानं बरं केलं बघ.” मी त्यालाही काही बोललो नाही.

मग भीमराव मास्तर आले. दारातच उभे राहिले. आक्कानं “आत या” म्हटलं, ते आले नाहीत.

“आक्का, मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण लोक काय बोलतात ते आईच्या कानावर येतं. आता आमच्या दारात काही घालू नका. आईलाही मी सांगितलंय, उगं जाणं-येणं नको.”

आक्का म्हणाली, “माझ्या हातनंच झालं, मास्तर. मी न्हाय म्हणत न्हाय.”

मी तिच्या मागं उभा होतो. मास्तर माझ्याकडंही बघत होते, माझ्यापेक्षा थोडेच मोठे, शिकलेले, सरळ. मी बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. मी खाली बघितलं.

इथपर्यंत मी आलो. तुम्हाला वाटेल, झालं, सांगून झालं. आळस, खोटेपणा, भित्रेपणा, सगळं आलं. नाही. हे सगळं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलं असतं. जे सांगता येत नव्हतं ते त्या संध्याकाळचं आहे.

मास्तर गेल्यावर आक्का चुलीपाशी बसून राहिली. दिवा लावला नाही. स्वयंपाक नाही. मला तिचं ते बसणं सहन होईना. मी जवळ जाऊन बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो —

मी म्हणालो, “जाऊ दे आक्का. हुतं मानसाकडनं. तू काय मुद्दाम न्हाय केलंस. मी तुला काय बोलणार न्हाय.”

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — तिला.

आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, “तू तरी रागावला न्हाईस रं माझ्यावर.” आणि रडली. आणि मला — हे लिहायलाच हवं — मला त्या क्षणी बरं वाटलं. मोठं झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं तिनं मला सांभाळलं, आज मी तिला सांभाळतोय, असं. खरोखर तसं वाटलं. माणूस इतका खाली जाऊन वर इतकं चांगलं वाटून घेऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर तिनं कापण्या केल्या नाहीत. मिश्री सोडली. दात दुखायचे, डोकं धरायचं, तरी सोडली. वखारीत ती आणि सोनाकाकू आता वेगवेगळ्या ढिगांसमोर बसायच्या. कुत्री दारात यायची. ती हात पदरात गुंडाळून “हाड, हाड” म्हणायची, पण आवाज निघायचा नाही. कुत्र्यांना ते खरं वाटायचं नाही. ती बसूनच राहायची. मग ती आत जाऊन दार लावून घ्यायची.

पुढं माझं लग्न झालं. बेळगावात नोकरी लागली, शहापुरात भाड्यानं खोल्या घेतल्या. आक्काला बरोबर नेलं. गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट. तिला तो बरा वाटायचा, बोलावं लागायचं नाही. मुलगी झाली. उष्टावणाच्या दिवशी बायकोनं मोठ्या मनानं खिरीची वाटी आक्काच्या पुढं केली, “वन्सं, पहिला घास तुम्ही भरवा.”

आक्का मागं सरली. “माझ्या हातचं नको.”

“असं काय हो म्हणता?”

“नको म्हटलं न्हवं. माझ्या हातचं लेकराला नको.”

बायकोला वाटलं, मुलगी झाली म्हणून. त्यावरून घरात जे सुरू झालं ते आक्का जाईपर्यंत मिटलं नाही. बायको मला म्हणायची, तुमच्या बहिणीनं पोरीला कधी साखरेचा दाणासुद्धा हातानं दिला नाही. ते खरं होतं. पोरीची वेणी घालायची, मांडीवर झोपवायची, पण भरवायची नाही. मुलगी हट्ट करायची, “आत्याच्या हातचं पाहिजे.” आक्का ताटली तिच्या पुढं सरकवायची आणि हात मागं घ्यायची. हे मी रोज बघत जेवायचो. एका वाक्यानं तो हात पुढं आला असता. मला माहीत होतं. आणि मी वरण वाढून घ्यायचो.

का नाही सांगितलं? सुरुवातीला लाज. मग उशीर झाला म्हणून. मग, आता सांगितलं तर मधल्या वर्षांचं काय, म्हणून. प्रत्येक वर्ष पुढच्या वर्षाचं तोंड बंद करत गेलं. मी वाईट माणूस नाही, असं मला लोक सांगतात. मी ऐकून घेतो.

ती आजारी पडली ती ऐंशीचं दशक संपता संपता. दुपारची वेळ होती, घरात दोघंच. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपलीय. तर एकदम म्हणाली, “दत्त्या, सदलग्याला गेलते त्याच्या आदल्या दिशी तू घरात हुतास न्हवं?”

“हुतो की.”

“मला लई आठवून बघितलं तरी आठवत न्हाय. मी हात धुतलते का रं?”

मी तुम्हाला विचारत नाही, तुम्ही काय केलं असतं. मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, “लई दिवस झालं आक्का. आता मला बी आठवत न्हाय.”

ती “व्हय” म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. थोड्याच दिवसांत गेली.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी निपाणीला गेलो. एकटाच. ठरवून गेलो होतो, सोनाकाकूंना तरी सांगायचं. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. ओटा तोच होता. सोनाकाकू वाकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. मला आवाजावरून ओळखलं. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. शांता गेली, एवढं मी सांगितलं.

मग त्याच बोलायला लागल्या, मी पुढचं काही बोलायच्या आत.

“शांतीनं मुद्दाम न्हवतं केलं. मला त्या दिशीच म्हायत हुतं. भीमा नको म्हणाला, लोक बोलाय लागलं, म्हणून मी गप बसले. भिंतीपलीकडं ती खोकायची त्ये बी मला ऐकू यायचं. एकदा जाऊन नुसतं म्हणाया पायजे हुतं, शांते, तुजा काय दोष न्हाय. तेवढं बी माज्यानं झालं न्हाय. लई मोठं पाप केलं बग मी.”

त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. माझ्या हातात कप होता.

काकू, पाप तुमचं नाही — एवढं सुद्धा मी म्हणालो नाही. कारण ते म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग कुणाचं? मी चहा संपवला. “येतो काकू,” म्हटलं. त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला, “बहिणीला लई जपलंस बाबा,” म्हणाल्या.

मी बसस्थानकाकडं चालत गेलो. परत फिरायला वाव होता. गाडीला वेळ होता. मी फिरलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात सोनाकाकू गेल्याचं कुणीतरी खडेबाजारात भेटल्यावर सांगितलं. मी “अरेरे” म्हणालो आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

आता ज्यांना सांगायचं होतं त्यांच्यापैकी कुणी नाही. त्या कापण्या मी केल्या होत्या.